नैसर्गिक बाळंतपणाची तयारी: डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं?

रानजाई:
नमस्कार मंडळी, मला ३४वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. आत्तापर्यंत सगळं छान चाललंय म्हणजे बीपी, शुगर, हिमोग्लोबिन ठीक, बाळाचं डोकंही खाली आलंय. मला मनापासून वाटतं की कळा आपल्याआप सुरू व्हाव्यात, कळांमध्ये हिंडता-फिरता यावं आणि गरज नसताना छेद (बाळ बाहेर येताना योनीमार्गाशी घेतात तो), टाके, सलाईन हे सगळं नको. पण मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाल्या की बाळ जरा मोठं वाटतंय, ३९व्या आठवड्यात अ‍ॅडमिट करून औषधाने कळा सुरू करायचं बघू. मी काही विचारणार तोवर पुढची पेशंट आत आली आणि विषय तिथंच राहिला. डॉक्टर चांगल्या आहेत, माझा त्यांच्यावर विश्वास आहे, पण हे बाळासाठी गरजेचं आहे की फक्त एक शक्यता म्हणून बोलल्या ते मला कळायला हवं ना.

घरात प्रत्येकाचं वेगळं मत. आई म्हणते डॉक्टर सांगतील तसं कर, सासूबाई म्हणतात कळा आल्या की आपोआप सगळं जमतं त्याची कसली तयारी, आणि इंटरनेटवर वाचायला गेलं की एक तर सगळं भीतीदायक नाहीतर सगळं गुलाबी. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पुढच्या व्हिजिटला या ३९व्या आठवड्याबद्दल काय आणि कसं विचारू? उरलेल्या दिवसांत कुठली तयारी खरंच उपयोगाची असते? आणि आपल्या इच्छा कागदावर लिहून दिल्या तर डॉक्टरांना राग येतो का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

निशिगंध:
रानजाई, मी लेबर रूममध्ये नर्स म्हणून बरीच वर्षं काम करतेय त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घे.

आधी तारखेचं. ड्यू डेट ही अंदाजाची तारीख असते, नेमकी त्या दिवशी होणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२व्यापर्यंत कधीही कळा आल्या तरी दिवस भरलेलेच धरतात. पण त्यातही ३९च्या आधी उगाच घाई करत नाहीत कारण बाळाच्या फुफ्फुसाला आणि मेंदूला ते शेवटचे आठवडे उपयोगी पडतात, आणि ४१ पूर्ण झाल्यावर रेंगाळतही नाहीत कारण तिथून पुढे वार थकायला लागते आणि बाळाचा धोका हळूहळू वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे नक्की पूर्ण झालेत म्हटल्यावर कळा सुरू करून घ्या असंच सांगते.

आता बाळ मोठं आहे याबद्दल. शेवटच्या महिन्यात सोनोग्राफीवरचं वजन इकडेतिकडे १० ते १५ टक्के चुकू शकतं. म्हणजे मशीनने साडेतीन किलो सांगितलं तर जन्मल्यावर ते तीन किलो शंभर ग्रॅमही भरेल आणि तीन किलो नऊशेही. त्यामुळे नुसत्या या आकड्यावर घाबरून जाऊ नकोस. हां, आईला डायबेटिस असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बाळाचे खांदे अडकायची भीती खरी असते आणि डॉक्टर लवकर डिलिव्हरी करायला सांगतात ते बरोबरच असतं. तुझी शुगर नॉर्मल आहे म्हणतेस, मग विचार की अंदाजे वजन किती, वाढ कुठल्या टक्क्यात येते, आणि पोटाचा घेर डोक्याच्या मानाने जास्त आहे का.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण याबाबत खूप गैरसमज आहे. औषधाने कळा सुरू केल्या की सिझर होणारच असं नाही. अमेरिकेत सहा हजारांवर पहिलटकरणींचा मोठा अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, अराइव्ह नावाचा. सगळ्या कमी धोक्याच्या बायका. त्यात ३९व्या आठवड्यात कळा सुरू केलेल्यांमध्ये सिझर साधारण १९ टक्के आणि वाट बघितलेल्यांमध्ये २२ टक्के होतं. म्हणजे सिझर उलट थोडं कमीच. पण तिथे पुरेसा वेळ दिला होता, आणि खरी मेख तीच आहे. गर्भपिशवीचं तोंड अजून घट्ट बंद असताना औषध सुरू केलं आणि थोड्याच तासांत काही होत नाही म्हणून सिझरला नेलं तर त्यात बाईच्या शरीराचा काय दोष? पाणमोट फोडून कळांचं सलाईन सुरू केल्यावर आई आणि बाळ ठीक असतील तर निदान १२ ते १८ तास वाट बघावी असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंच म्हणणं आहे. म्हणून तू विचार, माझ्या पिशवीचं तोंड किती तयार आहे, म्हणजे त्या तयारीचे गुण, ज्याला बिशप स्कोअर म्हणतात, ते किती येतात, कमी असतील तर आधी तोंड मऊ करायला काय देणार, आणि जमलं नाही असं कधी ठरवणार. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा.

विचारायची पद्धत म्हणशील तर अगदी सरळ विचार. हे केलं तर मला आणि बाळाला काय फायदा, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, आणि आठवडाभर थांबलो तर काय होईल. आणि आत शिरल्या शिरल्याच सांग की आज माझे चार प्रश्न आहेत, म्हणजे त्या वेळ काढतात. उठताना विचारलं की घाईतच उत्तर मिळतं. प्रश्न विचारलेले डॉक्टरांना आवडत नाहीत हे मी तरी फारसं पाहिलेलं नाही, इंटरनेटवरचा व्हिडिओ पुढे धरून वाद घातलेला मात्र कोणालाच आवडत नाही.

चांदणचुरा:
मी फक्त एवढंच सांगेन की मणक्यातलं इंजेक्शन म्हणजे ते एपिड्युरल अजिबात घेऊ नकोस, ते घेतलं की कळा मंदावतात आणि मग सिझर होतंच, माझ्या ओळखीत दोघींचं असंच झालंय. आणि नंतर कायमची कंबर दुखते ती वेगळीच. चालणं ठेव आणि मन शांत ठेव, सगळं छान होईल, शुभेच्छा.

निशिगंध:
चांदणचुरा, तुमच्या ओळखीतल्या दोघींचं वाईट वाटलं पण याचा नियम करू नका प्लीज, कारण हे वाचून एखादी बाई वेदनेने कोलमडत असतानाही नाही म्हणत बसेल. एपिड्युरलवर भरपूर अभ्यास झालेत आणि त्याने सिझरचं प्रमाण वाढत नाही हे आता पक्कं आहे. जोर लावायचा टप्पा लांबू शकतो, बीपी उतरू शकतं, काहींना ताप येतो, पाय जड होतात म्हणून हिंडणं कमी होतं, हे तोटे खरे आहेत आणि ते आधी सांगायलाच हवेत. कायमच्या कंबरदुखीशी मात्र त्याचा संबंध सापडलेला नाही, बाळंतपणानंतर कंबर इंजेक्शन न घेतलेल्यांचीही तेवढीच दुखते.

कवडसा:
रानजाई, माझं पहिलं बाळ पायाळू होतं. पोटावरून हाताने फिरवून बघितलं, ३७व्या आठवड्यात करतात तसं, साधारण निम्म्या वेळा जमतं म्हणतात, माझं नाही जमलं, आणि मग सगळं नीट समजून घेऊन मी सिझरला हो म्हटलं. दुसऱ्या वेळी नॉर्मल झालं. त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. आधी सिझर झालेल्या ज्या बायका नॉर्मलचा प्रयत्न करतात त्यांच्यात शंभरातल्या ७२ ते ७५ जणींना जमतं, आणि जुना टाका उकलायचा धोका साधारण दोनशेत एकीला असतो, हे मला डॉक्टरांनी आकड्यांसकट समजावलं होतं आणि बाळाचे ठोके सतत मशीनवर बघणार हेही. आकडा कळल्यावर भीती एकदम आटोक्यात येते बघ, नुसतं रिस्क आहे रिस्क आहे ऐकलं की ती रात्रभर वाढत राहते.

तयारीचं सांगते. मला सगळ्यात उपयोगी पडला तो श्वास, पण तो कळा सुरू झाल्यावर शिकता येत नाही, आत्तापासून रोज करायचा. नाकाने सावकाश आत आणि तोंडाने त्याहून लांब बाहेर, सोडताना जबडा आणि खांदे सैल. जबडा आवळला की खालचे स्नायूपण आवळले जातात असं मला शिकवलं होतं आणि माझ्या बाबतीत ते तंतोतंत खरं निघालं. १९३०च्या दशकात डिक-रीड नावाच्या इंग्लिश डॉक्टरने मांडलं होतं की भीतीने शरीर ताणलं जातं, ताणाने दुखणं वाढतं आणि दुखणं वाढलं की पुन्हा भीती. पुढे १९५०च्या दशकात फ्रान्समध्ये लमाझ यांनी श्वासाची पद्धत रुळवली, आज क्लासमध्ये जे शिकवतात ते बरंचसं तिथूनच आलंय. श्वासाने दुखणं जात नाही, ज्या क्लासवाल्या वेदनारहित बाळंतपणाची हमी देतात त्यांच्यापासून लांबच राहा, पण कळ येते चढते आणि उतरते, मिनिटभरात ओसरते, तेवढं मिनिट पार करायला श्वास हाताशी असतो आणि मधल्या वेळात शरीर खरंच सैल सोडता येतं.

दुसरं म्हणजे खालच्या भागाचा मसाज, योनीमार्ग आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेचा, ३४-३५ आठवड्यांनंतर आठवड्यातून एकदोनदा केला तरी पुरतो, हात स्वच्छ धुवून, पहिलटकरणींमध्ये त्याने छेद घ्यायची वेळ कमी येते. याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलतच नाही. तुझ्या डॉक्टरांना विचारून सुरू कर, इन्फेक्शन असेल किंवा वार खाली असेल तर करायचा नसतो. आणि चालणं, उकिडवं बसायची सवय, ओणवं होऊन कंबर हलवणं. झोपताना कुशीवर झोप, २८ आठवड्यांनंतर उताणं झोपू नये, मध्येच जाग आली आणि उताणी असलीस तर घाबरायचं नाही, पुन्हा कूस घ्यायची.

पाऊलवाट:
मी नवऱ्याच्या भूमिकेतून लिहितो कारण हा भाग राहून जातो. बाळंतपणात सतत कोणीतरी सोबत असेल तर काय फरक पडतो यावर कॉक्रेन संस्थेने २६ अभ्यास एकत्र करून पाहिले होते, पंधरा हजारांहून जास्त बायका, आणि सोबत असलेल्यांचं नॉर्मल बाळंतपणाचं प्रमाण जास्त, सिझर कमी, कळांचा वेळही थोडा कमी निघाला. इतक्या साध्या गोष्टीने एवढा फरक पडतो हे वाचून मी तर हललोच होतो. त्यामुळे तुमच्या हॉस्पिटलात कळांच्या वेळी कोणाला आत येऊ देतात, किती जणांना, आणि जोर लावायच्या वेळी बाहेर काढतात का हे आत्ताच विचारून ठेवा. आवडीची व्यक्ती सोबत असावी हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींतही स्पष्ट लिहिलंय. ती व्यक्ती नवराच असली पाहिजे असं नाही, आई असेल, बहीण असेल, शिकलेली डुला म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी बाई असेल. जिच्यासमोर तुम्हाला ओरडायला संकोच वाटणार नाही अशी हवी.

आणि सोबत्याने नुसतं शेजारी उभं राहून चालत नाही. आम्ही सराव केला होता, कळेच्या वेळी तिच्या कमरेच्या खालच्या हाडावर तळहाताने जोरात दाब द्यायचा, मधल्या वेळात घोटघोट पाणी, दर थोड्या वेळाने कूस किंवा बसायची पद्धत बदलायला आणि लघवीला जायला आठवण करायची. भर कळेत तिला प्रश्न विचारायचे नाहीत, कोणालाही विचारू द्यायचे नाहीत. डॉक्टर काही नवीन करायचं म्हणाले की मी शांतपणे विचारायचो की ही इमर्जन्सी आहे का की आम्हाला पाच मिनिटं बोलायला मिळतील. बहुतेक वेळा ती मिळतात. आणि आमचं आधीच ठरलं होतं की डॉक्टर 'आत्ता लगेच' म्हणाले तर प्रश्न नंतर, आधी सही. हे आधी बोलून ठेवा, त्या क्षणी नवऱ्यालाही काही सुचत नसतं.

शेवंती:
मला थोडं वेगळं सांगायचंय, कोणाला टोचलं तर माफ करा. माझं सिझर झालं, बाळाचे ठोके पडायला लागले म्हणून, आणि त्यानंतर कितीतरी महिने मी स्वतःला नापास समजत होते कारण मी ज्या ग्रुपमध्ये होते तिथे औषधाशिवाय बाळंत झालेल्या बायकांचं फार कौतुक चालायचं. माझं बाळ आज माझ्यासमोर खेळतंय ते त्या सिझरमुळे. म्हणून रानजाई, इच्छांचा कागद जरूर लिही पण त्यात सिझर करावंच लागलं तर काय हवं आहे तेही लिही. सोबत कोण असेल, बाळ टेबलवरच छातीवर ठेवता येईल का, ते नाही जमलं तर बाबाच्या छातीवर ठेवाल का, दूध पाजायला किती लवकर देणार. मी हे काहीच लिहिलं नव्हतं कारण ती शक्यता मला कोणी बोलूच दिली नाही, नकारात्मक विचार करू नको म्हणायचे सगळे. तयारीला नकारात्मक का म्हणायचं?

रानजाई:
सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. शेवंती, तुमचं लिहिणं वाचून गलबलून आलं, कागदावर तो भाग नक्की लिहिणार. निशिगंधताई, अजून दोन शंका. हॉस्पिटलला नेमकं कधी निघायचं, आणि कळा नसताना पाणी गेलं तर काय करायचं? आणि कागदात अशा कुठल्या गोष्टी आहेत ज्यांचा मी आग्रह धरू शकते आणि कुठल्या ज्यांचा धरू नये?

निशिगंध:
अगं विचार बिनधास्त.

निघायचं कधी, तर कळा साधारण पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येक कळ मिनिटभर टिकणारी आणि असं तासभर सलग चालू राहिलं की निघ. घर लांब असेल तर आधीच निघ. त्याच्या आधीचा टप्पा फार लांबू शकतो, कधी दिवसभर, आणि तो घरी काढलेलाच बरा, पोटात थोडं खायचं, अंघोळ, जमेल तशी झोप. लवकर अ‍ॅडमिट झालं की लवकर सगळ्यांची चुळबुळ सुरू होते. तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हे पूर्वी फार मानायचे, १९५५ साली फ्रीडमन नावाच्या डॉक्टरने पाचशे पहिलटकरणींच्या नोंदींवरून आलेख काढला होता त्यातून हे आलं, पण सगळ्यांचं शरीर त्या आलेखाप्रमाणे चालत नाही. आता ५ सेंटिमीटरपासून पुढे खरा वेग धरतात, तिथून पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात आणि जोर लावायला तीन तासांपर्यंत, बाळ ठीक असेल तर यात काही बिघडलेलं नसतं.

पाणी गेलं तर वेळ लिहून ठेव, पॅड लाव, रंग बघ आणि हॉस्पिटलला फोन कर. दिवस भरलेले असताना पाणी गेलं की निम्म्याहून जास्त जणींना चोवीस तासांत कळा आपोआप येतात, म्हणून पाणी स्वच्छ, ताप नाही, बाळ ठीक आणि इन्फेक्शनची काही शंका नाही असं असेल तर थांबून बघणं आणि लगेच औषध सुरू करणं हे दोन्ही पर्याय असतात, ते तुझ्यापुढे मांडले पाहिजेत. थांबणार असाल तर आतून तपासणी जितकी कमी तितकी बरी, प्रत्येक तपासणीने इन्फेक्शनची शक्यता वाढते. पाणी हिरवट असेल, रक्त असेल, किंवा नाळेसारखं काही खाली लागलं तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही.

आग्रहाचं म्हणशील तर कळांमध्ये हिंडणं, बसून किंवा कुशीवर जोर लावणं, पाणी पिणं, सरसकट छेद न घेणं, सरसकट एनिमा आणि शेव्हिंग न करणं, पोटावर वरून दाब न देणं, नाळ निदान एक मिनिट थांबून कापणं, बाळ तासभर छातीवर ठेवणं, हे सगळं जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच २०१८च्या शिफारशींत बसतं त्यामुळे अगदी निःशंक माग. कमी धोक्याचं बाळंतपण असेल तर ठोके सतत मशीनवर न बघता अधूनमधून ऐकले तरी चालतात, पहिल्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर लावताना दर ५ मिनिटांनी. छेदाबद्दल एवढंच की बाळाचे ठोके पडत असतील किंवा चिमटा लावायची वेळ आली तर तो लागू शकतो, म्हणून 'अजिबात नको' असं न लिहिता 'गरज असेल तरच आणि मला सांगून' असं लिही. जोर लावताना खाली कोमट पाण्याच्या घड्या ठेवाल का हेही विचार, त्याने मोठं फाटणं कमी होतं.

आणि आग्रह धरू नये त्यातलं माझ्या दृष्टीने सगळ्यात वरचं म्हणजे बाळ बाहेर आल्या आल्या दिलं जाणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, १० युनिट. बऱ्याच जणी सगळं नैसर्गिक हवं म्हणून तेही नको लिहितात. नको लिहू. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही आणि तो इतका झपाट्याने होतो की मी तो बघितलेला आहे म्हणून कळकळीने सांगतेय. बाळाचं व्हिटॅमिन केचं इंजेक्शन पण तसंच, घेऊ द्यायचं.

कागद एका पानाचा कर, चार घड्यांचा नको, आणि ३६व्या आठवड्याच्या व्हिजिटला डॉक्टरांबरोबर बसून वाच, त्यांच्या फाइलला लावायला सांग. राग नाही येत. जिथे त्या नाही म्हणतील तिथे का ते विचार, दोनचार ठिकाणी तुला पटेल आणि दोनचार ठिकाणी त्याही सैल होतील. एकाही मुद्द्यावर बोलायलाच तयार नसतील तर दुसरं मत घ्यायला आत्ता वेळ आहे, ३९व्या आठवड्यात तो नसतो.

कवडसा:
निशिगंधताई, ते बाळाच्या हालचालीचं पण सांगा ना, शेवटी शेवटी जागा कमी होते म्हणून हालचाल कमी होते असं मला सगळे सांगायचे.

निशिगंध:
बरं झालं आठवण केलीस. ते चुकीचं आहे. शेवटच्या आठवड्यांत हालचालीची तऱ्हा बदलते, लाथांऐवजी ढकलल्यासारखं, वळल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी होत नाही, कळा सुरू होईपर्यंत आणि कळांमध्येसुद्धा जाणवत राहायला हवी. रानजाई, तुझ्या बाळाची रोजची सवय तुला माहीत झाली असेल, त्यात फरक वाटला, मंदावल्यासारखं वाटलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच रात्री जाऊन तपासून घ्यायचं, दहा वेळा जावं लागलं तरी चालेल. खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली दुखणं, चेहरा-हात एकदम सुजणं, अंगावरून रक्त जाणं, यालाही तेच लागू. व्हिजिट झाली की डॉक्टर काय म्हणाल्या ते इथे कळव, बिशप स्कोअर कळला तर तोही लिही, मग पुढचं बोलू.